नऊ फूट, सहा नंबर

इस्मेनिया, तू विचारलंस म्हणून सांगतो.
घे की नको घेऊ, ते शेवटी.

चार तुकड्यांत येते. कापडी पिशवी,
तिची एक शिवण दुकानातच उसवलेली.
मुठीचं बूच निम्मं बूच, निम्मी लांबी,
नखानं खरवडलं तर पीठ निघतं.
कड्या मोजल्या, सगळ्या आहेत,
तिसरी जराशी तिरळी.
रीळ बसवायची जागा सैल,
सुताचा एक वेढा दिला की गप्प बसते.
रंग मात्र बाटलीचा हिरवा.
उन्हात धरली आणि दोन मिनिटं काहीच तपासलं नाही.

किंमत म्हणजे तुझ्या कारखान्यातले नऊ दिवस,
टीव्हीच्या पाठीत स्क्रू पिळायचे.
लॉजवर पाहुण्यांच्या ज्या काठ्या मी रात्री पुसतो
त्यातल्या एकीला तुझे चार महिने लागतील,
आणि त्याही माशीऐवजी झुडूपच पकडतात
हात पाहुण्याचा असला की.

मला सवय बाबांच्या काठीची.
पिवळी, काचतंतूची, मुठीपर्यंत वाकायची.
दोरी मागे टाकली की मधे एवढी फुरसत
की चिलोएहून आलेल्या पत्रातली
एक ओळ आठवून व्हावी.
हिला पत्र बित्र माहीत नाही.
ही फक्त शेंड्याला वाकते
आणि वाकली न वाकली तोच सरळ,
गुडघ्याला बाशिंग बांधून उभी.

रविवारी पुलाखाली गेलो.
वारा पश्चिमेचा. रिओ ग्रांदेत दुसरा असतो कुठे?
पहिली फेक माझ्याच टोपीवर.
दुसरी मागे कुंपणाच्या तारेत,
मेंढ्यांच्या लोकरीचे झुबके लटकतात तिथे
माझी माशीही लटकली.
तिसरीला मी काठीला शिवी दिली, चांगली लांब,
आणि शिवी संपेपर्यंत कळलं
की अंगण सरळच आहे.

मग हात आखडता घेतला.
कोपर बरगडीला, मनगट मुकं,
आणि खिळा ठोकताना हातोडा थांबतो
तसं थांबायचं. एकदम.
दोरी वाऱ्यात घुसली, इस्मेनिया!
वाऱ्याला कापून नव्हे, त्याच्या काखेतून,
पलीकडच्या काठाला, जिथे बाबांची माशी
चाळीस वर्षांत कधी पोचली नाही.

आता वाईट ते ऐक.
जवळ टाकायला ही निरुपयोगी.
पाच पावलांवर ट्राउट तोंड उघडून उभा
आणि ही ताठ, जणू सहीला बोलावलेला साक्षीदार.
दोरी एक नंबर जड घे, म्हणजे थोडी ऐकते.
आणि बारीक तंगूस लावू नकोस.
संध्याकाळी एक लागला, हातभर, तपकिरी,
त्यानं मान झटकली, मी धरून ठेवलं,
आणि ही मधे पडलीच नाही.
पिवळी वाकली असती, त्याचं थोडं, माझं थोडं
पोटात घेतलं असतं तिनं.
हिनं सगळं तसंच्या तसं पोचवलं.
टक् झालं. बस.
पाण्यावर वर्तुळ, तेही वाऱ्यानं पुसलं.

घरी येऊन दोन्ही काठ्या भिंतीला टेकवल्या.
बाबांची आपोआप कलते.
ही नाही.

तर घे.
दुकानात मान्सियाला म्हणावं, तिसरी कडी बघून दे,
ओयार्सो म्हातारा विचारतोय.
पिवळी मी ठेवणार आहे,
वर्षातून दोनच संध्याकाळी वारा पडतो, पण पडतो.
रविवारी सहाला ये, पुलाखाली.
दोन पराठ्यांएवढा पाव आण, चहा मी आणतो.
आणि चष्मा घाल.
पुढे येताना हिचा गळ
अगदी कानाजवळून बोलत जातो.